विहिरीच्या काठावरचा चष्मा

आपल्या शरीरातले पुष्कळ दोष माणूस मोकळेपणाने कबूल करतो. दात पडला तर हसून दाखवतो. गुडघा धरला तर येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून त्याची हकीकत ऐकवतो. परंतु ‘मला नीट दिसत नाही’ हे चार शब्द काही केल्या त्याच्या ओठांवर येत नाहीत. वर्तमानपत्र हातभर लांब धरील, रस्त्यात ओळखीच्या माणसाकडे पाहून नुसता मोघम हसेल, पण दिसत नाही असे म्हणणार नाही. आपल्या भाषेने तर या दोषाला वयाचेच नाव देऊन टाकले आहे. वाचायच्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो. जणू काय चष्मा नाकावर बसला नाही तर वयही अंगाला लागणार नाही!

हा दोष जमिनीवर लपवता येतो, पाण्यात लपवता येत नाही. पाण्यात उतरताना माणूस पहिल्याने चष्मा काढून ठेवतो, आणि ज्या ठिकाणी नजरेची खरी गरज असते तिथे आंधळ्यासारखा शिरतो. ही अडचण माणसाने कशी कशी सोडवीत आणली, याचा इतिहास मी गेली काही वर्षे हौसेने वाचतो आहे. या हौसेच्या मुळाशी एक विहीर आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

मी कुंडलचा. आज सांगली जिल्ह्यात असलेले हे गाव संस्थानी काळात औंधकरांच्या मुलखात होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि १९६० साली त्याचेच नाव सांगली जिल्हा झाले. घराची एक वीट न हलवता आमच्या आजोबांनी तीन पत्ते पाहिले. पण गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले ते १९४३ ते १९४६ या काळात. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे कुंडल हे एक मोठे ठाणे होते. आमच्या लहानपणी त्या दिवसांच्या गोष्टी पारावर, मळ्यात, चुलीपुढे चालत. रात्री दिव्याशिवाय उसाच्या फडांतून कोस कोस चाललेल्या माणसांच्या त्या गोष्टी. त्यांत एक शब्द नेहमी येई, ‘नजर’. अमक्याची नजर अशी की काळोखात पावलावरून माणूस ओळखायचा. तमक्याची अशी की टेकडीवरून पोलिसांची टोपी टिपायचा. अशा गावात फळ्यावरचे अक्षर न दिसणाऱ्या पोराची किंमत ती काय असणार!

मी सहावीत असताना मास्तरांनी घरी चिठ्ठी पाठवली. वडिलांनी गुळाच्या पट्टीचे पैसे येईपर्यंत वाट पाहिली आणि मग मला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. नंबर निघाला उणे पाच. जाड काचांचा, काळ्या काड्यांचा चष्मा नाकावर बसला. दवाखान्यातून बाहेर पडताच समोरच्या लिंबाला सुटी सुटी पाने आहेत हे मला प्रथमच दिसले. त्या क्षणाचा आनंद मी अजून विसरलो नाही. पण तो गावच्या वेशीपर्यंतच टिकला. दुसऱ्या दिवशी वर्गात मला नवे नाव मिळाले, ‘ढापण्या’. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांना बांधतात ती ढापणं.

त्या वर्षी वैशाखात आमची टोळी रोज दुपारी मळ्यातल्या विहिरीवर असे. काळ्या पाषाणात खोदलेली, सात-आठ पुरुष खोल विहीर. एका अंगाने दगडी पायऱ्या, दुसऱ्या अंगाला मोटेची जुनी धाव, आणि तळाला हिरवेगार पाणी. पाठीला पत्र्याचा हवाबंद डबा बांधून मुलांना पवायला शिकवायची आमच्याकडे रीत होती. डबा पाण्यात बुडत नाही आणि त्याच्याबरोबर पोरही बुडत नाही, इतके साधे शास्त्र. विहिरीवर जाताना मी चष्मा वाटेतच काढी आणि पायऱ्यांच्या वरच्या कपारीत दडवून ठेवी. कोणी विचारले तर सांगे, “मला तसंबी दिसतंय.”

एके दिवशी मोठी पोरे पोहून वर आली आणि धावेपलीकडच्या आंब्याखाली गेली. चुलत्यांचा थोरला, माझा दादा, जाताना मला म्हणाला, “बारक्याकडं ध्यान दे रं.” बारक्या म्हणजे दादाचा धाकटा भाऊ, सात वर्षांचा. पाठीला डबा बांधून तो कडेकडेने हातपाय मारीत होता. मी पायरीवर बसून पाहत राहिलो. पाण्यावर डब्याचा पत्रा उन्हात चमकत होता. तेवढा चमकणारा ठिपका मला स्वच्छ दिसत होता, आणि तो दिसतो आहे तोवर बारक्या पवतो आहे अशी माझी खात्री होती.

दादा परत आला. “बारक्या कुठं हाय?”

मी बोट दाखवले. “त्यो काय, पवतोय की.”

दादाने तिकडे पाहिले मात्र, अंगावरच्या कपड्यांसकट वरून उडी टाकली. डब्याचा दोर सुटला होता. डबा तेवढा पाण्यावर तरंगत होता, आणि त्याच्याखाली कोणी नव्हते.

दादा दोनदा रिकामा वर आला. तिसऱ्या बुडीला त्याच्या हाती पोराचा दंड लागला. पायऱ्यांवर आणून पालथा घातला, पाठ चोळली, पाणी ओकवले. बारक्या खोकला, मग रडू लागला. ते रडणे ऐकून माझे पाय लटपटले आणि मी तिथेच खाली बसलो. तो बारक्या आज नातवंडांचा आजोबा आहे. घरी ही गोष्ट दादाने कधीच कोणाला सांगितली नाही. त्या संध्याकाळी त्याने कपारीतून माझा चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्या नाकावर बसवला. “आरं, दिसत न्हवतं तर सांगायचं की,” एवढेच तो म्हणाला.

पुढे बऱ्याच दिवसांनी मी धीर करून त्याला विचारले, की पाण्याखाली तुला बारक्या दिसला कसा? तो हसला. “पाण्यात मला तरी कुठं दिसतंय? हातानं चाचपलं.” गावातल्या सर्वांत तीक्ष्ण नजरेचा माणूस मला सांगत होता, की पाण्याखाली सगळेच ढापणे! मी पोहणे त्याच दिवशी सोडले होते. पण हे कोडे काही सुटले नाही.

✻

दादाचे म्हणणे शास्त्राला धरून होते. आपण समजतो की डोळ्याचे भिंग डोळ्याच्या आत असते. ते असतेही. परंतु प्रकाश वळवण्याचे मोठे काम करते ती बुबुळापुढची पारदर्शक, फुगीर काच. शास्त्रात तिला पारपटल म्हणतात. चष्म्याचा नंबर ज्या मापात मोजतात त्या मापाने आपल्या डोळ्याची सगळी शक्ती सुमारे ६० भरते. त्यांतले ४३ च्या आसपास एकट्या पारपटलाचे. ही किमया घडते ती पारपटलाच्या पुढे हवा असते म्हणून. हवेतून दाट पदार्थात शिरताना प्रकाश वळतो. पाण्यात डोळा उघडला की हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी व पारपटल यांची दाटी जवळजवळ सारखी असल्यामुळे प्रकाश वळेनासा होतो. पारपटल असून नसल्यासारखे होते. चांगल्या नजरेचा माणूस एका क्षणात अधिक ४० नंबरचा चष्मा लागावा इतका अधू होतो.

आणि माझ्यासारखा उणे पाचवाला? त्याच्या डोळ्यात शक्ती पाचाने जास्त असते, म्हणून त्याला दूरचे दिसत नाही. पाण्यात या जास्तीच्या शक्तीचा उपयोग होतो म्हणावे, तर तो चाळीस रुपयांच्या कर्जात पाच रुपये शिल्लक असल्याइतकाच. मासे या संकटातून केव्हाच सुटले आहेत. त्यांनी पारपटलावर भिस्त ठेवलीच नाही. त्यांचे आतले भिंगच गोटीसारखे वाटोळे असते आणि सगळे काम तेच करते.

मग पाण्यावर पोट असलेल्या माणसांनी काय केले? मन्नारच्या आखातातले मोत्यांचे पाणबुडे पायाशी दगड बांधून तळाला जात आणि उघड्या डोळ्यांनी शिंपले गोळा करीत. जे धूसर दिसे त्यातच हात चालवीत. इराणच्या आखाताकडे कासवाच्या कवचाचे पातळ तुकडे घासून पारदर्शक करीत आणि डोळ्यांवर बांधीत, असे सांगतात. जपानमध्ये समुद्रतळाशी शिंपले वेचणाऱ्या बायका शतकानुशतके नुसत्या डोळ्यांनीच बुडत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांच्या हाती काचेची गॉगले आली.

अंदमान समुद्रात नावांवर राहणारी मोकेन नावाची जमात आहे. त्यांची मुले चालण्याच्या वयातच पाण्यात असतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या अ‍ॅना गिस्लेन यांनी या मुलांची नजर पाण्याखाली तपासली आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. युरोपीय मुलांच्या मानाने ती मुले पाण्यात दुपटीने बारीक पाहत होती. अंधुकात आपली बाहुली मोठी होते. मोकेन मुले मात्र पाण्याखाली ती अगदी आक्रसून घेतात आणि आतल्या भिंगाला शक्य तितके फुगवतात. बारीक भोकातून पाहिले की चित्र स्पष्ट होते, तीच ही युक्ती. ही देणगी रक्तात असावी असा तर्क होता. पण युरोपीय मुलांना सराव दिला तेव्हा काही आठवड्यांतच त्यांनाही ते जमू लागले. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या विहिरीवर सगळे शिकवले गेले. सूर मारणे, मुटका मारणे, श्वास धरणे. पाण्यात पाहायला तेवढे कोणी शिकवले नव्हते.

परंतु मोकेन मुलांची युक्तीही बालपणापुरतीच. वय वाढते तसे आतले भिंग ताठर होते आणि चाळिशी येते. शेवटी उपाय एकच उरतो. पाणी डोळ्याला लागू द्यायचे नाही. डोळ्यापुढे हवेचा थर ठेवायचा आणि त्याच्यापुढे काच.

✻

हे वाक्य लिहायला सोपे आहे. अमलात आणायला माणसाला फार खटपट करावी लागली. पहिली अडचण दाबाची. पाण्यात दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो आणि कोंडलेली हवा निम्म्यावर येते. डोळ्यांवर घट्ट बसणाऱ्या गॉगलांतली हवा अशी आकसली की ती डोळेच ओढू लागतात. पांढऱ्या भागातल्या बारीक शिरा फुटतात. यावरचा उपाय म्हणजे नाकही काचेच्या आत घेणे. नाकातून थोडी हवा सोडली की मुखवट्यातला दाब बाहेरच्या पाण्याशी बरोबरी करतो. आजचा पाणबुड्याचा मुखवटा नाक झाकतो तो याच कारणाने. तलावात पोहायला गॉगल चालते, खोल बुडी घ्यायला चालत नाही, हा भेद पुष्कळ हौशी मंडळींना ठाऊक नसतो, म्हणून येथे मुद्दाम सांगितला.

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ऑगस्टस सीबे यांनी धातूचे शिरस्त्राण आणि त्याला जोडलेला अंगभर पोशाख तयार केला. वरून नळीने हवा येई. या शिरस्त्राणाच्या आत चष्मा घालून जाता येण्यासारखे होते. पण एकदा झाकण बंद झाले की नाकावरून घसरलेला चष्मा वर सारायला हात आत जात नसे आणि वाफ पुसायचीही सोय नसे. चष्मेवाल्यांनो, तुम्हांला या यातनेची कल्पना येईल!

मोकळेपणाने पाण्यात हिंडणे आले ते १९४३ साली. फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी श्वासागणिक हवी तेवढीच हवा सोडणारी झडप बनवली आणि पाठीवर हवेचे नळकांडे घेऊन माणूस माशासारखा फिरू लागला. त्याच्या आधी सात वर्षे, १९३६ साली, तूलाँजवळच्या समुद्रात कुस्तोने पोहण्याचे गॉगल डोळ्यांवर चढवून पाण्यात प्रथम डोके घातले होते. काचेचे दोन तुकडे आणि मधली बोटभर हवा! पुढच्या सगळ्या साहसाचे बीज त्या एका नजरेत होते.

मात्र या मुखवट्याने चष्मेवाल्यांची पंचाईतच केली. चष्म्याच्या काड्या कानामागे जातात. त्या मुखवट्याच्या रबराखाली आल्या की फट राहते आणि पाणी आत येते. म्हणून कोणी काड्या मोडून नुसत्या काचा आत चिकटवीत. कोणी तसेच अंधुक पाहत उतरत. यात पाण्याने थोडी कृपाही केली आहे. मुखवट्याच्या सपाट काचेतून पाण्यातली वस्तू असते त्याच्या तीन चतुर्थांश अंतरावर आणि एक तृतीयांशाने मोठी दिसते. त्यामुळे उणे एक-दीडवाला माणूस चष्म्याशिवाय कसाबसा निभावून नेतो. उणे पाचवाल्याचे मात्र निभत नाही. त्याला आपल्या हवेच्या दाबमापकावरचा काटा डोळ्याजवळ धरून वाचता येतो, पण दहा हातांवरच्या सोबत्याची खूण त्याला दिसत नाही. ही गोष्ट मामुली नव्हे. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळा व्यवहार हातांच्या खुणांचा. तिथे अंगठा वर करणे म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चल’. छान म्हणायला अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ करतात. ज्याला हा फरक दिसत नाही तो स्वतःला आणि सोबत्याला, दोघांनाही संकटात घालतो. डबा दिसतो, डब्याखालचा पोरगा दिसत नाही. मला त्याचा अर्थ कोणी वेगळा सांगायला नको होता.

✻

या ठिकाणी मला कुंडलकडे परत यावेसे वाटते. कारण डोळ्याचा दोष आणि त्याची कबुली यांची याहून मोठी गोष्ट माझ्याच गावच्या शिवारात घडली आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला त्यांचा जन्म झाला. मुलाला चित्रकलेचे वेड. १८८५ साली, सोळाव्या वर्षी, ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. हात चांगला होता, रेषा नेमकी होती. पण दोन वर्षांच्या आतबाहेर ध्यानात आले की काही रंगांतला भेद या मुलाच्या डोळ्यांना कळत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला याहून कठोर शिक्षा कोणती? लक्ष्मणरावांनी ती मुकाट्याने मानली. रंग सोडले, रेषा ठेवली. यंत्रांची रेखाचित्रे काढायला ते शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तोच विषय शिकवू लागले. बेळगावात सायकलींचे दुकान निघाले, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. बेळगावची जागा सोडायची पाळी आली तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना आपल्या मुलखात बोलावले आणि १९१० साली आमच्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने माजलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. स्टेशनालाही पुढे तेच नाव मिळाले.

यातली मौज अशी, की ज्या राजाने जमीन दिली ते बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार! ‘चित्ररामायण’ त्यांच्याच हातचे. औंधच्या टेकडीवर त्यांनी उभारलेले चित्रांचे संग्रहालय आजही लोक पाहायला जातात. रंगांवर जीव असलेल्या राजाने रंग न कळणाऱ्या माणसाला माळ दिला, आणि त्या माळावरून पुढे जे पंप निघाले त्यांनी आमच्या मळ्यांतल्या मोटा थांबवल्या. आमच्या विहिरीच्या थाळ्यातही वाडीचाच पंप बसला होता. लक्ष्मणरावांनी दोष लपवला असता, तर महाराष्ट्राला बहुधा एक मध्यम चित्रकार मिळाला असता.

रंगांच्या या आंधळेपणाला पहिल्याने शास्त्रात आणले जॉन डाल्टन यांनी, १७९४ साली. अणूची कल्पना मांडणारे तेच हे डाल्टन. त्यांनी स्वतःच्याच डोळ्यांचा दोष विद्वानांच्या सभेत वाचून दाखवला. डोळ्यातला द्रव निळसर असल्यामुळे आपल्याला तांबडा रंग दिसत नाही असा त्यांचा समज होता. म्हणून मृत्यूनंतर डोळे कापून पाहावेत असे त्यांनी सांगून ठेवले. १८४४ साली ते वारले. डॉक्टरांनी डोळा उघडला, तो द्रव स्वच्छ पाण्यासारखा! कल्पना खोटी ठरली, पण डोळे जपून ठेवले गेले. १९९५ साली त्यांतल्या पेशींची आनुवंशिक तपासणी होऊन दोषाचे खरे स्वरूप कळले. हिरव्या रंगाला जागणाऱ्या पेशींचा तो दोष होता. मेल्यावर दीडशे वर्षांनी एका माणसाने आपल्या शंकेचे उत्तर मिळवले, कारण जिवंतपणी त्याने शंका बोलून दाखवली होती.

ज्यांनी बोलून दाखवली नाही त्यांची किंमत इतरांनी मोजली. १८७५ साली स्वीडनमध्ये लागेरलुंडा येथे दोन आगगाड्यांची टक्कर झाली. दिव्याचा रंग ओळखण्यात चूक झाली असावी असा संशय घेऊन होल्मग्रेन या शास्त्रज्ञाने रेल्वेच्या नोकरांना रंगीत लोकरीचे पुंजके निवडायला लावून तपासायची पद्धत घालून दिली. तिथून देशोदेशी रेल्वेत डोळे तपासू लागले.

✻

नंबरवाल्यांची पाण्यातली सोय मात्र सावकाश झाली. डोळ्यालाच चिकटून बसणारे काचेचे भिंग आडोल्फ फिक यांनी १८८८ साली केले. ते जाड, जड आणि तासा-दोन तासांत डोळा लाल करणारे. पुढे कडक प्लॅस्टिकची भिंगे आली. ती घालून खोल बुडी घेतली तर वर येताना भिंग आणि डोळा यांच्यामध्ये वायूचे बारीक बुडबुडे अडकतात आणि पारपटलाला टोचतात. खरी सुटका केली ऑटो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने. पाणी शोषणारे मऊ प्लॅस्टिक त्याने शोधले होते, पण त्याची भिंगे घडवायला यंत्र मिळेना. १९६१ च्या नाताळात त्याने घरच्या टेबलावर, मुलांच्या जोडखेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो घेऊन यंत्र जुळवले आणि पहिली मऊ भिंगे ओतली. सायकलच्या दुकानातून निघालेली किर्लोस्करवाडी आठवून मला ही हकीकत फार आवडते.

मऊ भिंगातून वायू आरपार जातो, म्हणून ते पाण्याखाली चालते. तरी मुखवट्यात पाणी शिरले तर डोळे मिटावे लागतात, नाहीतर भिंग वाहून जाते. आणि विहिरीच्या वा समुद्राच्या पाण्यातले सूक्ष्म जीव भिंगाखाली राहिले तर डोळ्याला भयंकर इजा होते, म्हणून वर आल्यावर ते टाकून द्यावे हे उत्तम. अधिक सरळ मार्ग म्हणजे मुखवट्याच्या काचेतच नंबर बसवणे. हल्ली अर्ध्या अर्ध्या नंबराच्या तयार काचा मिळतात. मुखवट्याची साधी काच काढून त्या जागी बसवतात. नंबर वेगळा असेल, किंवा काच तिरपी बसवायची असेल, तर आतून पारदर्शक लुकणाने खास भिंग चिकटवतात. चाळिशीवाल्यांसाठी खालच्या कडेला छोटे भिंग लावतात, दाबमापक वाचण्यापुरते. डोळ्याचे ऑपरेशन झालेल्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल घालू नये. पडदा बसवताना डोळ्यात वायू भरला असेल तर तो जिरेपर्यंत बुडी घेणे म्हणजे डोळा घालवणे होय.

हे सगळे वाचून माझ्या मनात जे यायचे तेच आले. पन्नाशी उलटली होती. दिवाळीनंतरच्या थंडीत मी मालवणला गेलो. शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्याचे काम सुरू केले त्या सिंधुदुर्गाच्या आसपास खडकांवर परवाळी आहेत, आणि पावसाळा सरला की तिथे हौशी लोकांना पाण्याखाली नेतात. जवळच तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाने पाणबुडीचे शिक्षण देणारी संस्थाही काढली आहे. होडीत एक तरुण पाणबुड्या माझ्याजवळ बसला होता. लहानपणची सवय जुनी. हात आपोआप चष्म्याकडे गेला आणि तो खिशात दडवणार होतो. पण मी थांबलो आणि म्हणालो, “मला चष्म्याशिवाय दिसत नाही.”

त्याने मुळीच नवल केले नाही. “नंबर काय तुमचो, काका?” एवढेच विचारून पेटीत हात घातला आणि नंबराच्या काचा बसवलेला मुखवटा काढला. “आदी सांगलास ता बरा केलास.”

मुखवट्याला आतून थुंकी लावून तो विसळायचा, म्हणजे काच धुरकट होत नाही, हे त्याने शिकवले. सगळे शास्त्र करून शेवटी थुंकीच! मग त्याने माझा हात धरला आणि आम्ही खाली गेलो. जन्मभर ज्या पाण्याची मला धास्ती होती ते पाणी अंगाखाली आले आणि मला दिसू लागले. खडकाची धार, तिच्यावरचे शेवाळ, काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे, त्यांचे मिटणारे-उघडणारे कल्ले. मिरजेच्या लिंबाला पाने दिसली होती त्या दिवसासारखे.

सहा-सात मीटरांवर माझी नजर मनगटाकडे गेली. घरच्यांनी बांधलेला लाल नाडा तिथे होता. तो लाल राहिला नव्हता, मातकट तपकिरी झाला होता. पाणी प्रकाशातला तांबडा रंग पहिल्याने गिळते. खोलवर तर जखमेचे रक्तसुद्धा हिरवट-काळे दिसते. मुखवटा कितीही चांगला असो, नंबर कितीही अचूक असो, ही नजर कोणाला परत मिळत नाही. तेव्हा मला लक्ष्मणराव आठवले. त्या खोलीवर आम्ही सगळेच, तो मालवणी पाणबुड्या आणि मी, थोडेफार त्यांच्याच डोळ्यांनी पाहत होतो. खडकाचा रंग मला सांगता आला नसता. त्याची रेषा मात्र स्वच्छ दिसत होती.

गेल्या उन्हाळ्यात मी कुंडलला गेलो होतो. दादा आता नाही. विहीर आहे. पायऱ्यांचे दोन दगड निखळले आहेत, पाणी मात्र तसेच हिरवे. बारक्याचा नातू चौथीत आहे आणि त्याला उणे तीन नंबर लागला आहे. त्याच्यासाठी सांगलीहून नंबराच्या काचा बसवलेला पोहायचा गॉगल आणला आहे. वरवर पोहायला तो पुरेसा आहे. पोरे पाण्याकडे पळाली. वाटेत एकाने त्याला काहीतरी म्हटले. शब्द मला ऐकू आला नाही, पण त्यावर पिकलेले हसे ओळखीचे होते. पोरगा थांबला. गॉगल नीट बसवला आणि मोठ्याने म्हणाला, “नंबर हाय मला. तुला काय करायचंय?” आणि त्याने मुटका मारला.

मी पायरीवर बसलो होतो, चष्मा नाकावर ठेवून. बारक्या माझ्या शेजारी येऊन बसला. पाण्यातले डोके वर येईपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही.